शेवटच्या गावाचा हिशेब

आकाशवाणीचं पुणे केंद्र लावलेल्या प्रत्येकाच्या कानावरून ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा कधी ना कधी गेलेला असतो. त्याच्या जोडीला लहरीच्या लांबीचा, मीटरमधला दुसरा आकडा येतो, ३७८.८. श्रोत्याला हे आकडे सुई कुठे लावायची ते सांगतात. अभियंत्याला मात्र त्यांतून मनोऱ्याची उंची कळते, जमिनीत किती तार पुरायची ते कळतं आणि महिन्याच्या वीजबिलाचा अंदाजही येतो. आकाशवाणीबद्दल बोलताना आपण गाणी, आवाज आणि निवेदकांपासून सुरुवात करतो. मला वाटतं, सुरुवात मनोऱ्यापासून करावी. सार्वजनिक प्रसारणाला इतका पैसा का लागतो आणि तो सरकारी तिजोरीतूनच का यावा लागतो, हे तिथे स्पष्ट दिसतं.

पुणे केंद्राचे स्टुडिओ शिवाजीनगरला आहेत आणि प्रक्षेपण केंद्र हडपसरला. मुंबईचं प्रक्षेपण केंद्र असंच शहराच्या गजबजाटापासून दूर, मालाडच्या खाडीकडे उभारलं गेलं. याचं कारण जागा. मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्हच्या) प्रक्षेपणात मनोरा हाच अँटेना असतो. तो सर्वसाधारणपणे लहरीच्या लांबीच्या चौथाई उंचीचा हवा. ७९२ किलोहर्ट्झसाठी ही उंची सुमारे ९५ मीटर भरते, सोलापूरच्या ६०३ किलोहर्ट्झसाठी १२४ मीटर. हा लोखंडी खांब चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो, कारण प्रक्षेपण सुरू असताना तो पायापासून टोकापर्यंत विजेने भारलेला असतो. त्याला उभं धरणाऱ्या ताणतारासुद्धा सलग ठेवता येत नाहीत; ठरावीक अंतरावर तोडून मध्ये इन्सुलेटर घालावे लागतात, नाहीतर त्या ताराच ऊर्जा शोषून घेतात. विमानांसाठी टोकावर लाल दिवे असतात, त्यांना वीज द्यायची तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण साधी वायर वर नेली की मनोऱ्यातली सगळी ताकद तिच्यातून खाली उतरेल.

खरा खर्च मात्र दिसतच नाही, कारण तो जमिनीखाली असतो. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चारही दिशांना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. शास्त्रशुद्ध रचनेत अशा १२० तारा धरतात आणि प्रत्येकीची लांबी पाव लहरीइतकी. ९५ मीटरच्या १२० तारा म्हणजे ११ किलोमीटरहून जास्त तांबं. हे जाळं गंजलं, कुणी खणताना तोडलं किंवा चोरीला गेलं, तर केंद्र बंद पडत नाही. मीटरवर शक्ती तितकीच दिसते, आवाज स्टुडिओत स्वच्छ ऐकू येतो, फक्त ऐंशी किलोमीटरवरच्या गावात तो हळूहळू बारीक होत जातो. ही बिघाडाची सर्वांत वाईट जात. प्रक्षेपक बंद पडला तर दोन मिनिटांत फोन येतात, पण तारांचं जाळं झिजलं तर कुणी तक्रार करत नाही. त्या गावातली माणसं एके दिवशी ऐकायचं सोडून देतात आणि नंतर कागदावर नोंद होते ती ‘श्रोते कमी झाले’ अशी.

आता वीज. १०० किलोवॅटच्या प्रक्षेपकात वाहक लहरच, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, १०० किलोवॅटची असते, आवाज चढला की त्यावर आणखी भर पडते. त्यात यंत्राचा स्वतःचा अपव्यय धरायचा. सरासरी दीडशे किलोवॅट ओढले जातात असं मानलं, तर १८ तासांच्या दिवसाला २,७०० युनिटं झाली. नव्या अर्धवाहक प्रक्षेपकांत आवाजाच्या चढउताराबरोबर वाहक लहरीची ताकद कमीजास्त करून वीज वाचवता येते, जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) यंत्रांत ती सोय नव्हती. पण कितीही वाचवली तरी मुद्दा राहतोच: ऐकणारा एक असो की एक लाख, बिल तेवढंच. जाहिरातदार त्या लाखाकडे पाहून पैसे देतो. उरलेल्या एकासाठी यंत्र चालू ठेवायचं असेल तर दुसरी व्यवस्था हवी. राष्ट्रीय प्रसारक ही ती व्यवस्था आहे.

खाजगी पद्धतीने हे जमतं का, याचा प्रयोग आपल्याकडे सुरुवातीलाच होऊन गेला. हौशी रेडिओ क्लबांनी १९२३-२४ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथे प्रसारण करून पाहिलं होतं. त्यानंतर इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी आली. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिचं मुंबई केंद्र सुरू झालं, पाठोपाठ २६ ऑगस्टला कोलकात्याचं. दोन्ही प्रक्षेपक दीड किलोवॅटचे, म्हणजे पल्ला जेमतेम ४८ किलोमीटर. उत्पन्न मुख्यतः परवान्याचं: श्रोत्याकडून वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. १९२९ संपेपर्यंत परवाने पावणेआठ हजारांच्या आसपास पोचले आणि तिथेच थबकले. आठाने गुणा; वर्षाचे साठ-बासष्ट हजार रुपये होतात. या पैशांत दोन शहरांतले कलावंत, यंत्रं, अभियंते आणि वीज सांभाळायची होती. पल्ला वाढवल्याशिवाय श्रोते वाढणार नाहीत, मोठ्या यंत्राशिवाय पल्ला वाढणार नाही आणि श्रोते वाढल्याशिवाय मोठं यंत्र घेता येणार नाही. कंपनी याच फेऱ्यात अडकली आणि १ मार्च १९३० रोजी दिवाळखोरीत गेली. महिन्याभरात, १ एप्रिलला, सरकारने ती केंद्रं प्रायोगिक म्हणून हाती घेतली. आपल्याकडचं सरकारी प्रसारण काही थोर विचारातून जन्मलेलं नाही. बाजाराने हात टेकले तेव्हा ते पदरात पडलं.

पुढच्या काही वर्षांत त्याला आकार आला. बीबीसीतून लायोनेल फील्डन १९३५ मध्ये प्रसारण नियंत्रक म्हणून आले, १ जानेवारी १९३६ला दिल्ली केंद्र सुरू झालं आणि ८ जून १९३६ला सेवेचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. त्याच्या आदल्या वर्षी म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या हिमतीवर एक लहानसं केंद्र उभं केलं होतं. आज अख्खी संस्था मिरवते ते ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचं. पहाटे वाजणारी संकेतधून वॉल्टर कॉफमन यांची. युरोपातून आलेल्या या ज्यू संगीतकाराने मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. शिवरंजनीच्या सुरांची ती धून मराठी घरांत इतकी मुरली आहे की ती बाहेरून आलेल्या माणसाने रचली, हे सांगूनही अनेकांना खरं वाटत नाही.

१९४७ साली भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत आवाज पोचत होता. मराठी मुलखात नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला उघडलं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ला. औरंगाबादला निजामाच्या राजवटीतलं केंद्र होतं, ते नंतर आकाशवाणीत आलं. मग रत्नागिरी, सांगली, परभणी, जळगाव अशी केंद्रं होत गेली. आज संस्था सांगते त्याप्रमाणे २३ भाषा आणि १७९ बोलींतून प्रसारण होतं, देशाचा सुमारे ९२ टक्के भूभाग आणि ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या तिच्या टप्प्यात आहे. दहा रुपयांच्या परवान्यावर हे कधीच उभं राहिलं नसतं. तो परवानाही १९८०च्या दशकात रद्द झाला.

टप्प्यात येणं आणि ऐकलं जाणं यात फरक आहे, हे आकाशवाणीला फार लवकर कळलं होतं, आणि ते कळलं पुण्यात. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राच्या टप्प्यातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांमध्ये युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि रेडिओ बंद करून त्यावर बोलत. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाचा निमंत्रक चर्चेतले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ किरकोळ होती.

हा निष्कर्ष मला आकाशवाणीच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. निव्वळ आवाज पोचवून भागत नाही, गावाचा प्रश्न उलट पोचला पाहिजे आणि त्याचं उत्तर त्याच गावाला ऐकू आलं पाहिजे, हे इथे मोजून सिद्ध झालं. १९५९ पासून योजना देशभर पसरवली गेली आणि तिथे ती पातळ झाली. कारणं अगदी साधी होती. व्हॉल्व्हच्या संचाला कोरड्या बॅटऱ्या लागत, नाहीतर तालुक्याला नेऊन भारून आणावा लागणारा संचायक. बॅटरी संपली की मंडळ थांबे. दुरुस्ती करणारा माणूस जिल्ह्याच्या गावी. पत्रांचं उत्तर द्यायला केंद्रावर पुरेसे हात नाहीत. दीडशे गावांना उत्तरं देणारी माणसं हजारो गावांना पुरत नाहीत, हे कागदावरच दिसत होतं; तरी मंडळांची संख्या वाढवली गेली आणि माणसांची वाढवली गेली नाही.

याउलट संगीताच्या बाबतीत संस्था श्रोत्याला शिकवायला निघाली. हार्मोनियमवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, कारण तिचे स्वर ठोकळेबंद आणि त्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, निघत नाही असा आक्षेप. आक्षेप शास्त्राला धरून होता, तरी तीस वर्षं संगतकारांचं एक आख्खं कुळ दाराबाहेर ठेवायला तो पुरेसा नव्हता. १९५२ ते १९६२ या काळात पुण्याचेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताला जे छत्र मिळालं त्याचं मोल कमी लेखता येणार नाही: १९५२ मध्ये राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, कलावंतांची श्रेणी ठरवणारी ध्वनिचाचणी आली, संस्थानं खालसा झाल्यावर उघड्यावर पडलेल्या गवय्यांना बिदागी मिळू लागली. पण त्याच वेळी चित्रपटसंगीताला जवळजवळ हाकलण्यात आलं आणि श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली ती या पीछेहाटीनंतर. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. लोकांना हवं ते आणि लोकांना लागेल ते, अशा दोन वाहिन्या शेजारी शेजारी चालवणं, हा तोडगा मला अजूनही योग्य वाटतो. एकाच वाहिनीवर दोन्ही कोंबली की लागेल ते आधी कापलं जातं.

केंद्राचा रोजचा दिवस कसा उभा राहतो हे बाहेर फारसं माहीत नसतं. आधी ठरतो तो फिक्स्ड पॉइंट चार्ट: कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारचा कार्यक्रम. त्यातून रोजची क्यू शीट तयार होते. तिच्यात कार्यक्रमाची वेळ, लांबी मिनिट-सेकंदांत, ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, निवेदनाचा मजकूर आणि शेवटचे शब्द असतात. शेवटचे शब्द लिहायचे कारण निवेदकाला नेमकं कुठे सुरू करायचं ते कळावं. पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, संकेतधून, वंदे मातरम आणि मंगलवाद्याने उघडते. दुसरी दुपारची, तिसरी संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत. ड्युटी ऑफिसर प्रत्येक सेकंदाची नोंद ठेवतो: कार्यक्रम किती उशिरा सुरू झाला, कुठे आवाज तुटला, किती काळ शांतता राहिली. बातम्यांची वेळ पुढेमागे होत नाही, कारण दिल्लीचं किंवा मुंबईचं बातमीपत्र अनेक केंद्रं एकाच क्षणी उचलतात. त्याच्या आधीचा कार्यक्रम चाळीस सेकंद लांबला तर तो तोडावा लागतो, चाळीस सेकंद आधी संपला तर वाद्यसंगीताचा तुकडा लावायचा. असे तुकडे हाताशी निवडून ठेवलेले असतात, आणि कोणता तुकडा कशाच्या मागे शोभतो याची जाण हाच चांगल्या आणि सामान्य निवेदकातला फरक.

फितीच्या काळात हेच काम हातांनी होई. पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत, वेग सेकंदाला साडेसात इंच. २,४०० फुटांचं रीळ ६४ मिनिटं चाले. संगीतासाठी वेग दुप्पट, म्हणजे वेळ निम्मी. नको असलेला शब्द काढायचा तर फीत हाताने पुढे-मागे फिरवून शब्दाची सुरुवात ऐकायची, पाठीमागे पेन्सिलीने खूण करायची, खाचेच्या पट्टीवर ठेवून ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि टोकं चिकटपट्टीने जोडायची. छेद तिरका का? सरळ छेदाचा सांधा फीत वाचणाऱ्या शीर्षावरून एकदम जातो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तिरका सांधा हळूच सरकतो. श्वासाच्या मध्ये कापलं तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. म्हणून संपादक श्वास पूर्ण ठेवून त्याच्या आधी किंवा नंतर कापत. रिळं महाग असल्याने कार्यक्रम झाला की फीत पुसून पुन्हा वापरली जाई. मराठीतले किती आवाज असे पुसले गेले याची खंत आजही करावी तेवढी थोडी आहे. जे संग्रहात टिकलं ते कुणीतरी त्या वेळी रिळाच्या डब्यावर ‘पुसू नये’ असं लिहिलं म्हणून.

कानासाठी लिहिणं ही तर वेगळीच विद्या. दहा मिनिटांच्या भाषणाला हजार-अकराशे शब्द पुरतात. ‘वरीलप्रमाणे’ आणि ‘खालील’ हे शब्द चालत नाहीत, कारण श्रोत्याला वर-खाली काही नसतं. वाक्यात एकच आकडा. तोही ऐकताना गोंधळ होईल असा असेल तर दोनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदतीस आणि सत्तेचाळीस खरखरीत सारखे ऐकू येतात. शेतीच्या कार्यक्रमात औषधाचं प्रमाण सांगताना ही चूक पिकाला भोवते, म्हणून जाणते लेखक आधी पाण्याचं माप, मग औषधाचं माप आणि शेवटी पुन्हा दोन्ही सांगतात. ‘कामगार सभा’ आणि ‘वनिता मंडळ’ यांसारखे कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा होता. समोर कागद नसलेल्या, हात कामात असलेल्या माणसाशी बोलायचं आहे, हे लिहिणारा विसरत नसे.

आता अवघड बाब. ज्याच्या तिजोरीतून पैसा, त्याचा आवाज. आणीबाणीत याचा कळस झाला. २६ जून १९७५च्या सकाळी देशाला आणीबाणीची बातमी आकाशवाणीवरून पंतप्रधानांच्या आवाजातच कळली आणि पुढचे २१ महिने बातमीपत्र हे सत्तेचं निवेदन झालं. १९७७ मध्ये नव्या सरकारने प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. पत्रकार बी. जी. वर्गीस यांच्या समितीने १९७८ मध्ये स्वायत्त न्यासाची शिफारस केली, नाव सुचवलं ‘आकाश भारती’. संसदेत कायदा झाला १९९० मध्ये, ‘प्रसार भारती’ या नावाने, आणि तो अमलात यायला १९९७चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ला, सर्वोच्च न्यायालयाने हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. निकालाचा रोख सरकारी मक्तेदारी आणि खाजगी मक्तेदारी या दोन्हींच्या विरोधात आहे. आपण त्यातला खाजगी वाहिन्यांना वाट मोकळी करणारा अर्धाच भाग लक्षात ठेवला.

प्रसार भारती कायद्याचं बारावं कलम कुणीही वाचावं असं आहे. नागरिकाला मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपणं हे प्रसारकाचं कर्तव्य म्हणून तिथे लिहिलेलं आहे. संसदीय समिती आणि तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद यांचीही तरतूद कायद्यात होती. त्या कधी स्थापनच झाल्या नाहीत. पगाराचा पैसा सरकारी अनुदानातूनच येत राहिला, नियमांना सरकारची मंजुरी लागत राहिली आणि वर्षानुवर्षं भरती न झाल्याने केंद्रं नैमित्तिक निवेदकांवर चालू लागली. स्वायत्तता ही कलमात लिहून मिळत नाही. तीन-चार वर्षांचा निधी एकदम आणि विनाअट हातात हवा, नेमणुकीचा अधिकार हवा आणि तक्रार ऐकणारं तिसरं कुणीतरी हवं. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या राहिल्या.

हे सगळं मान्य करूनही एक वस्तुस्थिती उरते. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे रेडिओवर बातमी देणारं देशात एकच घर आहे. पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांत धरणाचा साठा, घाटातली दरड, परीक्षेची बदललेली तारीख हे येतं, तेव्हा त्याला पर्यायी दुसरा आवाज हवेत नसतो. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात मंत्र्यांच्या कार्यक्रमाला तीन मिनिटं गेली, तर त्याची किंमत त्या दरडीच्या बातमीने मोजलेली असते. माझा आक्षेप बातमीपत्राच्या सुराला कमी आणि या वाटणीला जास्त आहे.

आणि आता मध्यम लहरींचा शेवट जवळ आणला जातो आहे. गेल्या काही वर्षांत अनेक केंद्रांचे जुने प्रक्षेपक कायमचे बंद झाले. रात्रीची राष्ट्रीय वाहिनी, जिच्यासाठी नागपूरला १,००० किलोवॅटचा प्रक्षेपक होता आणि जी १९८८ पासून रात्रभर देशभर ऐकू जात असे, ती २०१९च्या सुरुवातीला थांबली. कारण दिलं जातं ते एफएम आणि मोबाइल ॲपचं. दोन्ही चांगली साधनं आहेत, पण ती मध्यम लहरींची जागा सगळीकडे घेत नाहीत.

एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. मनोऱ्याहून दिसेल तिथवर ती पोचते. डोंगर आडवा आला की पलीकडे सावली. दूरदर्शनचा मनोरा १९७३ मध्ये सिंहगडावर चढवला गेला तो याच कारणाने. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून, चढउतारांवरून वाकत जाते. तिचा पल्ला जमिनीवर ठरतो: ओल्या काळ्या मातीवरून ती लांब जाते, जांभ्यावरून आणि कोरड्या खडकावरून लवकर दमते. कमी किलोहर्ट्झची लहर जास्त टिकते, म्हणून सोलापूरच्या ६०३चा पल्ला तेवढ्याच शक्तीच्या १,५२१ किलोहर्ट्झच्या केंद्रापेक्षा मोठा. सूर्य मावळला की वातावरणातला खालचा शोषक थर विरतो आणि वर गेलेली लहर परत खाली येते. रात्री शेकडो किलोमीटरवरची केंद्रं लागतात ती त्यामुळे. मात्र जमिनीवरची आणि वरून आलेली लहर जिथे सारख्या ताकदीने भेटतात, साधारण शंभर-दीडशे किलोमीटरवर, तिथे आवाज चढत-उतरत राहतो. तो संचाचा दोष नसतो.

घरात मध्यम लहर ऐकूच येत नाही अशी तक्रार असते. बहुतेक वेळा कारण घरातच असतं: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि सेट-टॉप बॉक्स. ते सगळे मध्यम लहरींच्या पट्ट्यात खरखर ओततात. संच विजेवरून काढून बॅटरीवर चालवावा, खिडकीजवळ न्यावा, कारण सिमेंटमधल्या सळया लहर अडवतात, आणि मग सावकाश आडवा फिरवावा. आतला फेराइटचा दांडा, म्हणजे संचाची अँटेना, एका दिशेने जास्त पकडतो, दुसऱ्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. फिरवता फिरवता केंद्र मोठं होतं किंवा खरखर नाहीशी होते. आकड्यांवर चालणाऱ्या संचात आधी ९ किलोहर्ट्झची पायरी निवडावी. आपल्याकडे १९७८ पासून दोन केंद्रांतलं अंतर ९ किलोहर्ट्झ आहे, म्हणून ७९२, ६०३, ५५८, १,०४४, सगळ्यांना ९ने पूर्ण भाग जातो. संच १० च्या पायरीवर असेल तर ७९२ कधी लागतच नाही आणि लोक केंद्र बंद झालं असं समजतात.

डिजिटल मध्यम लहर हा एक मार्ग होता. आकाशवाणीने तिच्यासाठी ३५ प्रक्षेपक बसवले, पण ते ऐकणारे संच बाजारात स्वस्तात आलेच नाहीत, आणि श्रोत्याआधी यंत्र घेतल्याचा तोटा १९२७च्या कंपनीने जसा भोगला तसाच इथेही दिसला. मोबाइलमधला एफएम रिसीव्हर चालू ठेवावा अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना दिली, ती योग्य आहे. वायरचा इअरफोन लावला की तीच अँटेना होते आणि डेटा लागत नाही. तरी फोन चार्ज असायला हवाच. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांची वीज आणि मोबाइल दोन्ही दिवसेंदिवस बंद होते. अशा वेळी दोन सेलवर कित्येक दिवस चालणारा संच आणि शंभर किलोमीटरवरून येणारी लहर एवढंच उरतं. मासेमारांसाठीचे हवामान खात्याचे इशारे किनाऱ्यावरची केंद्रं देतात. होडीवरच्या माणसाला ॲप उघडायला सांगणं म्हणजे किनाऱ्यापासून काही अंतरावर त्याला सोडून देणं.

म्हणून प्रक्षेपक बंद करण्याआधी काय मोजलं, हे आकाशवाणीने जाहीर करावं. क्षेत्रबल, म्हणजे त्या जागी लहर किती ताकदीने पोचते, ते मोजणारं यंत्र घेऊन जीप त्या टप्प्यातल्या गावांतून फिरवावी, दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, कारण जमीन ओली झाली की आकडे बदलतात. आधी पुरलेल्या तारांचं जाळं शाबूत आहे का ते पाहावं, नाहीतर झिजलेल्या जाळ्याचा दोष श्रोत्यांच्या माथी जातो. त्याच गावांत एफएम किती लागतं तेही मोजावं आणि दोन्ही नकाशे शेजारी छापावेत. जिथे एफएमची सावली आहे तिथे मध्यम लहर पूर्ण अठरा तास नसेल परवडत, तर सकाळच्या सभेत दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालवता येते. चार तासांचं बिल अठरा तासांच्या पाव हिश्श्याहूनही कमी. इशाऱ्याच्या दिवशी मात्र ती चोवीस तास सुरू करता आली पाहिजे, आणि त्यासाठी मनोरा, डिझेल जनित्र आणि ते चालवू शकणारी दोन माणसं कायम तिथे असायला हवीत.